माळढोक न पाहिलेल्या मुलांना माळढोक शिकवताना

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याने निघाले की सुमारे २० किलोमीटरवर नान्नज लागते. महाराष्ट्रातले माळढोक पक्षी अभयारण्य ते हेच. १९७९ मध्ये ते जाहीर झाले तेव्हा सोलापूर आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या दोन जिल्ह्यांतला मिळून जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटरचा पट्टा त्यात धरलेला होता. पुढे तो पट्टा पुष्कळ आक्रसला, आणि ज्याच्यासाठी एवढे सगळे केले तो पक्षीही डोळ्यांदेखत कमी होत गेला. आज आपल्या जिल्ह्यात माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते, आणि दिसतो तोही एकटादुकटाच. मी चार ते आठ वर्षांच्या मुलांबरोबर सुटीच्या दिवशी निसर्गाचे उपक्रम घेते. त्यांतल्या बहुतेकांना हा पक्षी स्वतःच्या जिल्ह्याच्या माळावर प्रत्यक्ष दिसेल अशी शक्यता फार थोडी आहे, हे मनाशी धरूनच मला या कामाची आखणी करावी लागते.

जो पक्षी दाखवता येत नाही तो एवढ्या लहान मुलांना शिकवायचा कसा? पाठ्यपुस्तकातले किंवा मोबाईलवरचे चित्र दाखवून 'हा माळढोक, हा संकटात आहे, आपण त्याला वाचवले पाहिजे' असे म्हणता येते, मुलेही ते एका सुरात म्हणून दाखवतात, आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. त्यात मुलांचा काही दोष नाही. सहा वर्षांच्या मुलाला 'संकटात असलेली प्रजाती' ही कल्पनाच पेलत नाही. त्याला पेलते ते वजन, उंची, पाय, बोटे, डोळे, अंडे, भूक. म्हणून मी असे ठरवले की मुलांच्या मनात दया निर्माण करण्याच्या आधी त्यांना या पक्ष्याचे शरीर द्यायचे. त्याचा पाय कसा आहे, त्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, त्याच्या आईला एका वेळी किती अंडी सांभाळायची असतात, हे मुलांच्या स्वतःच्या हातापायांना कळले, तर तो पक्षी का कमी झाला हे सांगायला वेगळे व्याख्यान लागत नाही.

सुरुवात मापांपासून करते. माळढोक उभा राहिला की सुमारे एक मीटर उंच भरतो. बांबूच्या कामट्या, जुनी वर्तमानपत्रे आणि खळ यांचा पूर्ण आकाराचा पक्षी मुलांकडूनच करून घ्यायचा, डोक्यावर काळी टोपी रंगवायची, मान पांढरट ठेवायची, पाठ मातकट तपकिरी करायची. बालवाडीतले मूल त्याच्याशेजारी उभे केले तर दोघांची उंची साधारण सारखीच भरते, आणि मुलांना पहिला धक्का बसतो तो तिथेच, कारण त्यांच्या मनातला 'पक्षी' चिमणी किंवा पारव्याएवढा असतो. पंखांसाठी घरातली सोलापुरी चादर उपयोगी पडते. पूर्ण वाढलेल्या नराचे पसरलेले पंख दोन मीटरहून जास्त भरतात. चादर लांबीकडून ताणून धरली आणि मधोमध एका मुलाला उभे केले की पंखांचा अंदाज येतो. वजनासाठी ज्वारी वापरते. मोठा नर १५ किलोपर्यंत भरतो, म्हणून लहान पोत्यात तेवढी ज्वारी भरून ठेवायची आणि प्रत्येकाने ते उचलण्याचा प्रयत्न करायचा. बहुतेकांना ते जमिनीवरून जेमतेम हलवता येते. 'एवढे जड घेऊन तो उडतो?' हा प्रश्न दर वेळी कोणीतरी विचारतेच, आणि मी तो तसाच लोंबकळत ठेवते, कारण पुढे तारांच्या खेळात त्याचे उत्तर मुले स्वतःच शोधतात. मादी नराच्या निम्म्याहूनही हलकी असते. तिच्यासाठी वेगळी, लहान पिशवी करावी. मुलांना दोन्ही पिशव्या आलटून पालटून उचलायला आवडते.

त्यानंतर पाय. मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो. माळढोकाच्या पायाला पुढे तीन बोटे असतात आणि मागचे बोट नसते. कावळा, चिमणी, पोपट, कोंबडी यांच्या पायांकडे मुलांचे लक्ष कधी गेलेले नसते, पण एकदा पाहायला लावले की मागचे बोट त्यांना लगेच सापडते. मग मी कागदी चिकटपट्टीने प्रत्येकाचे दोन्ही अंगठे तळव्याला हलकेच चिकटवून टाकते आणि मैदानातल्या झोपाळ्याचा आडवा दांडा धरून लोंबकळायला सांगते. अंगठ्याशिवाय पकड बसत नाही, हात घसरतात, काही मुले रागावून पट्टी काढून टाकतात. गेल्या पावसाळ्यात पहिलीतली एक मुलगी दांड्यावरून घसरून खाली बसली, स्वतःच्या हाताकडे थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, 'म्हंजे त्याला झाडावर बसताच येत न्हाई, बाई!' तिला हे कोणी सांगितलेले नव्हते. झाडावर बसता येत नाही म्हणजे झोपायचे जमिनीवर, अंडे घालायचे जमिनीवर, पिल्लू वाढवायचे जमिनीवर, आणि कुत्रा, कोल्हा किंवा माणूस येतो आहे हे लांबूनच दिसायला हवे. मग राहण्यासाठी त्याला मोकळा माळच लागणार. एवढी सगळी साखळी त्या एका वाक्यातून उलगडत गेली, आणि ती उलगडली मुलांनीच, कारण 'मग तो झोपतो कुठं?' असे एकाने विचारले की दुसरा उत्तर देतो आणि तिसरा त्यावर शंका काढतो.

या टप्प्यावर एका अवघड विषयाला हात घालावाच लागतो. आपल्या मुलांना बालवाडीपासून 'झाडे लावा' हे शिकवलेले असते. झाड म्हणजे चांगले आणि उघडा माळ म्हणजे पडीक जमीन, हे समीकरण त्यांच्या मनात इतके घट्ट असते की माळ दाखवला की ती लगेच म्हणतात, 'इथं झाडं लावायला पाहिजेत.' मोठ्यांचेही तसेच आहे. सरकारी कागदोपत्री गवताळ माळ कित्येकदा पडीक म्हणूनच नोंदला गेला, आणि हिरवे करण्याच्या भल्या हेतूने माळांवर गिरिपुष्पासारखी झाडे दाटीने लावली गेली. गवतात राहणाऱ्या पक्ष्याच्या दृष्टीने त्याचे घरच त्यात मोडले गेले. मुलांना मी हे वादासारखे सांगत नाही. मैदानाच्या एका कोपऱ्यात खुर्च्या, बाकडी आणि जुने पडदे दाटीने लावून ठेवते, मुलांना गुडघ्यांवर बसवते आणि एकाला लांडगा करते. दाटीत बसलेल्यांना लांडगा अगदी जवळ आल्यावर दिसतो. उघड्यावर बसलेल्यांना तो मैदानाच्या पलीकडच्या टोकाला असतानाच दिसतो आणि ती पळून जातात. शाळेच्या कुंपणाजवळ, रस्त्याच्या कडेला, घराच्या अंगणात झाड लावावे आणि जगवावे, सोलापूरच्या उन्हात त्याची गरज कोणाला नाही? पण माळाला माळच राहू द्यावे, ही गोष्ट या खेळानंतर मुलांना चटकन पटते. मोठ्यांना पटायला फार वेळ लागतो.

माळाची ओळख मात्र मैदानात होत नाही, त्यासाठी माळावरच जावे लागते. पाऊस चांगला झाला की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गवत गुडघ्याएवढे येते, तेव्हा गावाबाहेरच्या एखाद्या माळावर सुतळीचा एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद चौकोन करून मुलांना त्याच्या चार बाजूंना पोटावर झोपवायचे. चौकोनातून काही उपटायचे नाही आणि काही पकडायचे नाही, फक्त पाहायचे आणि कागदावर काढायचे. पहिली काही मिनिटे 'गवतच आहे की' असे म्हणण्यात जातात. मग एखादा नाकतोडा उडतो, मुंग्यांची रांग दिसते, शेणाचा गोळा ढकलणारा किडा सापडतो, एखाद्या पात्याच्या पाठीला चिकटलेली अंडी दिसतात, आणि मुले शांत होतात. गवतांची नावे मला पुस्तकांपेक्षा गुराख्यांकडून अधिक मिळाली आहेत. पवन्या, मारवेल, हरळी आणि चड्डीला चिकटून घरापर्यंत येणारी कुसळी. कोणते गवत गुरे आवडीने खातात आणि कोणते टाळतात, हे एखाद्या म्हाताऱ्या मेंढपाळाने मुलांना दाखवले तर ते त्यांच्या पक्के लक्षात राहते, म्हणून जमेल तेव्हा अशा माणसाला मी सोबत बोलावते. माळढोक नाकतोडे, भुंगेरे, सरडे खातो, तशीच बोरे, ज्वारीचे दाणे, भुईमुगाच्या शेंगाही खातो. आपल्या शेतातले आणि आपल्या ताटातले अन्न त्याचेही आहे, हे कळल्यावर मुलांची त्याच्याशी एक वेगळीच जवळीक होते. तो शेतातले किडेही खातो, हे ऐकून एका मुलाने घरी जाऊन वडिलांना सांगितले की औषध फवारलेले किडे खाल्ले तर पक्ष्याचे पोट दुखेल. हे मी शिकवलेले नव्हते.

इथे एक गोष्ट मला आग्रहाने सांगावीशी वाटते. हाताने शिकणे म्हणजे प्राणी हाताळणे नव्हे. मुलांना अनुभव मिळावा म्हणून टिटवीची अंडी उचलून दाखवणे, सरडा डब्यात भरून आणणे, पिल्लाबरोबर फोटो काढणे, असे प्रकार उत्साहाच्या भरात होतात आणि त्याला कौतुकाने 'कृतियुक्त शिक्षण' म्हटले जाते. माझ्या उपक्रमात मुले मातीची अंडी हाताळतात. खरी अंडी चुकून दिसलीच तर सगळ्यांनी आल्या पावली मागे फिरायचे आणि आवाज करायचा नाही, असा नियम आहे. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली की चार वर्षांचे मूलसुद्धा आता हात वर करून सगळ्यांना थांबवते. अभयारण्यात नेले तरी वनविभागाच्या परवानगीने, ठरलेल्या वाटेने आणि ठरलेल्या मनोऱ्यापर्यंतच न्यावे. तिथे काळविटांचे कळप हमखास दिसतात, चंडोल गाताना ऐकू येतो, कधी खोकड दिसते. माळढोक दिसला नाही तर मुले खट्टू होतील अशी भीती पालकांना असते, पण ज्या मुलांनी आधी त्याची उंची, वजन आणि पाय समजून घेतलेला असतो ती मुले, तो आत्ता कुठे बसला असेल, काय खात असेल, याचीच चर्चा करत परत येतात.

अंड्याचा खेळ पावसाळ्यातच घेते, कारण आपल्या दख्खनच्या पठारावर त्याची वीण मुख्यतः त्याच दिवसांत होते. मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालते, सुमारे २७ दिवस ते उबवते आणि पिल्लाचे संगोपन एकटीच करते. नराचा त्यात काही वाटा नसतो, हे ऐकून मुली नाराज होतात. मुले ओल्या मातीची अंडी करतात आणि त्यांवर गेरू व हिरवट रंगाचे ठिपके देतात. काही मुले 'आई' होतात आणि आपले अंडे गवतात ठेवतात. बाकीची मुले मेंढरे होऊन त्याच मैदानातून चरत जातात. आईला जागेवरून हलायची परवानगी नाही, फक्त हात पसरून उभे राहता येते. खरी मादीही गुरे जवळ आली की पंख पसरून त्यांना दूर ठेवण्याचा प्रयत्न करते. अंडी इतकी मातकट असतात की मेंढरांना ती दिसतच नाहीत, आणि थोड्याच वेळात काही फुटतात. मेंढरांचा काही दोष नसतो, हे सगळ्यांना दिसते. मग दुसऱ्या फेरीत मैदानाचा एक तुकडा दोरीने आखून त्यात चरायचे नाही असे ठरवले जाते, आणि त्या तुकड्यातली अंडी शाबूत राहतात. राखीव कुरण म्हणजे काय, आणि वर्षातले काही महिने एखाद्या भागात चराई का थांबवतात, हे एवढ्याने कळते. एका मेंढपाळाच्या नातवाने लगेच विचारले, 'मग मेंढरांनी तवर काय खायचं?' अगदी योग्य प्रश्न होता. बाकीचा तुकडा मेंढरांना पुरेल एवढा मोठा ठेवायचा की नाही, यावर त्या दिवशी मुलांनी बराच वेळ भांडून शेवटी दोरी थोडी मागे घेतली.

तारांचा खेळ मी सगळ्यात शेवटी ठेवते, आणि त्यासाठी मुलांची खूप तयारी झालेली असावी लागते. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. खालची जमीन आणि आजूबाजूचा प्रदेश त्याला चांगला दिसतो, पण समोरचे फार थोडे दिसते, आणि उडताना मान खाली करून जमीन न्याहाळत असेल तर समोरची बारीक तार त्याच्या नजरेत येतच नाही. अगदी जवळ आल्यावर दिसली तरी एवढे जड शरीर ऐन वेळी वळवता येत नाही. वाढत्या वीजवाहिन्या हे या पक्ष्याच्या मृत्यूचे आज एक मुख्य कारण आहे.

मैदानात दोन खांबांमध्ये काळ्या लोकरीचा धागा मुलांच्या छातीच्या उंचीवर बांधते, पण गाठ मारत नाही. दोन्ही टोके कपड्यांच्या चिमट्यांत अडकवलेली असतात, म्हणजे धक्का लागताच धागा सुटतो आणि कोणाला इजा होत नाही. धाग्याला घुंगरू लावलेले असते. मुले पुढे झडप असलेली उन्हाची टोपी घालतात, झडप पुरेशी खाली ओढतात आणि जमिनीवर टाकलेले शेंगदाणे शोधत, दोन्ही हात पसरून, भरभर चालत पुढे जातात. मान खाली असल्याने धागा कोणालाही दिसत नाही. घुंगरू वाजते, धागा सुटतो, आणि ज्याला लागला तो 'माळढोक' जमिनीवर बसतो. पहिल्या फेरीत हसणे चालू असते. खेळ संपेपर्यंत बहुतेक जण खाली बसलेले असतात, आणि उभा राहिलेला एखादाच उरतो, तेव्हा हसणे थांबते. कोणीतरी म्हणतेच, 'आता ह्याच्याशी खेळायला कोण?'

दुसऱ्या फेरीत त्याच धाग्याला लाल आणि पांढऱ्या पुठ्ठ्याच्या चकत्या लोंबकळत्या बांधतात, वाऱ्याने फिरतील अशा. त्या धाग्याच्या खाली लोंबतात, त्यामुळे टोपीच्या झडपेखालूनही नजरेला पडतात, आणि बरीच मुले वेळेवर थांबतात. सगळी मात्र थांबत नाहीत. पक्ष्यांना तार दिसावी म्हणून खऱ्या वीजवाहिन्यांवरही अशाच चकत्या लावतात, आणि त्यांनी धोका कमी होतो, पण संपत नाही. तिसऱ्या फेरीत धागा सोडून जमिनीवर टाकायचा आणि त्यावर माती लोटायची. मुले धावतच पलीकडे जातात. त्यानंतर मी त्यांना सांगते की २०२१ च्या एप्रिल महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान आणि गुजरातमधल्या माळढोकांच्या प्रदेशात शक्य तेथे तारा जमिनीखाली घ्याव्यात असा आदेश दिला होता, आणि पुढे २०२४ च्या मार्चमध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली, कारण सूर्यप्रकाश आणि वाऱ्यापासून मिळणारी वीजही देशाला हवी आहे. लहान मुलांना न्यायालय, समिती हे शब्द कळत नाहीत, पण मोठ्या माणसांनाही हा खेळ अवघड जातो आहे, तेही चकत्या लावायच्या की तार पुरायची यावर बोलत आहेत, हे त्यांना नेमके कळते. दुसरीतल्या एका मुलाने विचारले, 'मग पुरत का न्हाईत?' पुरायला पैसे जास्त लागतात, आणि खूप मोठ्या तारा पुरणे कठीणही असते, एवढेच उत्तर मी दिले. 'पण मग पक्षी...' असे म्हणून तो थांबला. मी त्याला गोड उत्तर दिले नाही. आठ वर्षांच्या मुलाला काही प्रश्न उघडे ठेवता येतात असा माझा विश्वास आहे.

संख्येबद्दल काय सांगावे, यावर मी बराच विचार केला आहे. निसर्गात उरलेल्या माळढोकांची संख्या दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी मानली जाते आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात, प्रामुख्याने जैसलमेरच्या भागात आहेत. सहा वर्षांखालच्या मुलांना मी संख्या सांगतच नाही. त्यांना भीती तेवढी कळते आणि बाकी काही कळत नाही. दुसरी-तिसरीतल्या मुलांबरोबर मात्र जमिनीवर रांगोळीने भारताचा नकाशा काढते. मुले ज्वारीचे १५० दाणे मोजून घेतात आणि मग ते नकाशावर ठेवतात, जवळजवळ सगळे वाळवंटाच्या एका कोपऱ्यात. महाराष्ट्रासाठी एखादा दाणा मुठीत शिल्लक राहतो. तो कुठे ठेवायचा यावर एकमत व्हायला वेळ लागतो, कारण प्रत्येकाला तो आपल्या गावाजवळ हवा असतो. त्यानंतर लगेच दुसरी बाजूही सांगते. जैसलमेर जिल्ह्यात सम आणि रामदेवरा येथे माळढोकांची पैदास करण्याची केंद्रे आहेत, २०१९ पासून रानातली काही अंडी तिथे आणून यंत्रात उबवली जात आहेत, पिल्ले हाताने भरवून वाढवली जात आहेत, आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्माला आले. अंडे उबवण्याच्या यंत्राची गोष्ट मुलांना इतकी आवडते की पुठ्ठ्याच्या खोक्यात कापूस आणि मातीचे अंडे ठेवून ती दिवसभर त्यावर पहारा देतात.

पालकांशी बोलणे मुलांपेक्षा अवघड असते. आमच्या जिल्ह्यात माळढोक हा शब्द अनेक घरांत कटू आठवणींशी जोडलेला आहे. अभयारण्याच्या हद्दीत गावेच्या गावे आणि शेतजमिनी आल्या, खरेदी-विक्रीवर, बांधकामावर निर्बंध आले, आणि एका पक्ष्यापायी आपले व्यवहार अडले ही भावना खोलवर रुजली. एका वडिलांनी मला सरळ विचारले, 'आमची जमीन अडकली व्हती तवा कुठं व्हता तुमी, आन् आता पोरास्नी त्याच पक्ष्याचं कौतुक शिकवता?' हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. संरक्षणाची आखणी लोकांना विश्वासात न घेता झाली की त्याची किंमत शेवटी पक्ष्यालाच मोजावी लागते, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या गृहस्थांना मी एवढेच म्हटले की मुलांना तुम्हीच माळाची माहिती द्या, मला तुमच्याइतका माळ ठाऊक नाही. ते पुढच्या वेळी आले, मुलांना सशाची वाट कशी ओळखायची आणि लांडग्याचा ठसा कुत्र्याच्या ठशाशेजारी ठेवून कसा पाहायचा ते दाखवत राहिले. पक्ष्याबद्दलचे त्यांचे मत बदलले असे मी म्हणणार नाही.

त्यातूनच आजी-आजोबांचा उपक्रम सुरू झाला. मुलांनी घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला तीन गोष्टी विचारायच्या. माळढोक पाहिला होता का, कुठे, आणि त्याचा आवाज कसा होता. विणीच्या दिवसांत नर गळ्याची पिशवी फुगवतो, शेपूट पाठीवर उभारतो आणि घुमणारा 'हुम्म' असा आवाज काढतो, तो अर्धा किलोमीटरवरूनही ऐकू जातो. गावाकडे कित्येक जण या पक्ष्याला हूम म्हणूनच ओळखतात. ज्यांनी तो आवाज ऐकला आहे अशी माणसे आता सत्तरीच्या पुढची आहेत. काही आज्यांनी मुलांना तो काढून दाखवला. मुले तो आवाज रिकाम्या घागरीत तोंड घालून काढतात, आणि मैदानाच्या एका टोकाला एकाने घुमवला की दुसऱ्या टोकाच्या मुलाने हात वर करायचा, असा खेळ चालतो. गोळा झालेली उत्तरे आम्ही तालुक्याच्या नकाशावर टिपतो. कोणाच्या शेताच्या बांधावर, कोणाच्या गावच्या गायरानात, कोणत्या तळ्याच्या वरच्या अंगाला, असे ठिपके पडत जातात. त्यांतल्या कित्येक जागी आज ऊस उभा आहे. उजनीचे पाणी आले, शेते बागायती झाली आणि घरे सावरली. ही चांगली गोष्ट आहे, आणि त्याच पाण्याने माळही गेला. नकाशासमोर उभे राहिले की या दोन्ही गोष्टी मुलांना एकाच वेळी सांगाव्या लागतात.

ज्यांना आपल्या गावी असे काही करायचे आहे त्यांना माझे सांगणे असे की माळढोकच निवडला पाहिजे असे काही नाही. विदर्भात अकोला-वाशिमकडच्या मंडळींना तणमोर आहे, तोही गवतात राहणारा आणि तितकाच संकटात असलेला. पावसाळ्यात नर गवताच्या वर पुन्हा पुन्हा उड्या घेतो, आणि ती उडी मुलांना मोजायला, मारून पाहायला फार आवडेल. कोकणात रायगडच्या बाजूला गिधाडे आहेत, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वेळासला समुद्री कासवे आहेत. प्राणी कोणताही असला तरी त्याची एखादी अशी गोष्ट शोधावी जी मुलाला स्वतःच्या शरीरावर अनुभवता येईल, आणि तिथून सुरुवात करावी. एका वेळी १५ पेक्षा जास्त मुले घेऊ नयेत, माळावर जाताना दर पाच मुलांमागे एक मोठे माणूस असावे, उन्हे तापायच्या आत परत यावे, आणि साप-विंचवासाठी पायांत बूट असावेत. साहित्य सगळे घरातले असते. लोकरीचा धागा, चिमटे, घुंगरू, माती, जुनी वर्तमानपत्रे, टोप्या, ज्वारी. ज्वारी उपक्रम संपल्यावर ज्याच्या घरून आणली त्याच्या घरी परत जाते. सध्या आमचे पुठ्ठ्याचे माळढोक पावसात भिजून मोडले आहेत. पुढच्या महिन्यात नवी मुले आली की बांबूच्या कामट्या आणून पुन्हा एका मीटरच्या मापाने बांधायला घेऊ.